घरखर्चाचा हिशेब वापरावर मांडावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरखर्च आटोक्यात कसा ठेवावा याविषयीचे लेख आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून प्रसिद्ध होतात. घराचा हिशेब माझ्याकडे असल्याने मी ते आस्थेने वाचते. मात्र या लेखांचा बहुतेक भर खरेदीच्या क्षणावर असतो, म्हणजे सवलत कधी मिळते, कोणती योजना फायद्याची, किंमत कशी कमी करून घ्यावी, यावर. घरातला पैसा बहुतांशी त्यानंतर वाचतो किंवा वाया जातो. आणलेल्या वस्तूचा वापर किती झाला, ती टिकली किती, चालवायला किती लागले आणि तिचा किती भाग कचऱ्यात गेला, हे खरेदीनंतरचे प्रश्न आहेत आणि त्यांना वृत्तपत्रांत फारच कमी जागा मिळते. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी सवलतींच्या आकड्यांविषयी थोडे लिहिते, कारण ते आकडे आपण सहसा तपासत नाही. ‘त्याच किमतीत २० टक्के जादा माल’ असे वेष्टनावर लिहिलेले असते, तेव्हा प्रत्यक्षात मिळणारी सूट सुमारे १६.७ टक्के असते. ‘२० टक्के आणि त्यावर आणखी २० टक्के’ यांची बेरीज ४० होत नाही, ३६ होते. दोन वस्तूंवर एक मोफत मिळाली, तर तिन्ही वापरल्या गेल्या तरच ३३ टक्के वाचतात आणि तिसरी पडून खराब झाली तर काहीच वाचत नाही. याच्या उलट दरवाढ लक्षातही येत नाही, कारण किंमत तीच राहते आणि पाकिटातला माल कमी होतो. १०० ग्रॅमचे पाकीट ८५ ग्रॅमचे झाले की ती जवळपास १८ टक्क्यांची दरवाढ असते. या सगळ्यावर एकच साधा उपाय आहे: प्रति किलो किंवा प्रति लिटर दर काढून मगच तुलना करणे. युरोपीय संघाने १९९८ च्या निर्देशानुसार असा एकक दर ग्राहकाला दिसेल असा लिहिणे विक्रेत्यांवर बंधनकारक केले. जिथे तो लिहिलेला नसतो, तिथे भ्रमणध्वनीवर भागाकार करायला क्षणभरच लागतो. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते हा समजही हा भागाकार केला की अनेकदा खोटा ठरतो.

तरीही दर कमी पडला म्हणजे काम संपले असे होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला सुमारे ६० टक्के वाटा घरांचा होता. हॉटेले आणि दुकाने यांच्याकडे बोट दाखवण्याची आपली सवय पाहता हा आकडा अस्वस्थ करणारा आहे. घासाघीस करून पाच-दहा टक्के कमी करून घेतलेला माल शेवटी टाकून द्यावा लागत असेल, तर ती सगळी घासाघीस फुकट गेली. वाया जाण्याची कारणेही फार गूढ नसतात. घरात काय शिल्लक आहे हे न पाहता केलेली खरेदी, शीतकपाटाच्या मागच्या कोपऱ्यात विसरलेले डबे आणि भूक लागलेली असताना बाजारात जाणे, ही त्यांतली नेहमीची. नवे सामान मागे आणि जुने पुढे ठेवण्याची गोदामातली शिस्त घरात पाळली, तर जुने आपोआप आधी संपते. लवकर नासणारे पदार्थ दाराच्या कप्प्यात ठेवू नयेत, कारण दर उघडझापीला बाहेरची उष्ण हवा सर्वांत आधी तिथे पोहोचते. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नये आणि थंड साठवण ५ अंश सेल्सियसच्या खाली असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा सल्ला आरोग्यासाठी असला, तरी खिशालाही तो तितकाच उपयोगी आहे.

वेष्टनावरच्या तारखांविषयीही गैरसमज आहेत. अनेक देशांत दोन वेगळ्या तारखा छापल्या जातात. एक तारीख चव आणि पोत उत्तम राहण्याची मुदत सांगते. ती उलटून गेल्यावर नीट साठवलेला कोरडा माल लगेच टाकून देण्याचे कारण नसते. दुसरी तारीख सुरक्षिततेची असते आणि तिच्यापुढे जाण्याचा धोका मुळीच पत्करू नये. दोन्ही तारखा एकच समजल्या की एक तर चांगला माल फेकला जातो किंवा आजारपण ओढवते, आणि आजारपणाइतका महागडा खर्च दुसरा नाही.

आता विजेविषयी. मुले खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवत नाहीत यावरून घराघरांत बोलणी होतात. सवय म्हणून ती लावायलाच हवी. पण आकडे पाहा. ९ वॅटचा एलईडी दिवा साधारणपणे जुन्या ६० वॅटच्या दिव्याइतका उजेड देतो आणि सलग ५० तास चालला तरी अर्ध्या युनिटापेक्षा कमी वीज घेतो. जवळपास तेवढीच वीज केवळ २० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला लागते. म्हणजे विजेवर तापवलेल्या पाण्याने अंघोळ लांबली, तर दिव्यावरून दिवसभर केलेली कटकट एका अंघोळीत वाया जाते. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, अशी ही गत आहे. कारण भौतिकशास्त्रातले आहे: पाण्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता फार मोठी असल्यामुळे ते तापवणे हे घरातल्या सर्वांत खर्चीक कामांपैकी एक ठरते. पाणी तापवून कपडे धुणाऱ्या यंत्रातही विजेचा मोठा वाटा धुण्यापेक्षा तापवण्यावर जातो, म्हणून रोजचे कमी मळलेले कपडे थंड पाण्यात धुणे चांगले.

स्वयंपाकघरातही हेच तत्त्व लागू पडते. पाण्याला एकदा उकळी फुटली की ज्योत कितीही मोठी केली तरी उघड्या भांड्यात त्याचे तापमान वाढत नाही, फक्त वाफ जास्त होते आणि इंधन जळते. उकळी येताच आच मंद करून झाकण ठेवल्यास पदार्थ तेवढ्याच वेळात शिजतो. दाबाच्या भांड्यात पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, त्यामुळे वेळ आणि इंधन दोन्ही वाचतात. शीतकपाटाच्या दाराची रबरी पट्टी सैल झाली असेल, तर त्याचे यंत्र विनाकारण जास्त वेळ चालते. दारात कागदाचा कपटा धरून दार लावावे आणि तो ओढून पाहावा; सहज निघाला तर पट्टी बदलायची वेळ झाली. हे काम किरकोळ आहे आणि म्हणूनच ते वर्षानुवर्षे राहून जाते.

टिकाऊ वस्तूंच्या बाबतीत दर्शनी किमतीवर विसंबणे सर्वांत जास्त महागात पडते. तिप्पट किमतीचा कपडा दहापट वेळा वापरला गेला, तर दर वापरामागे त्याचा खर्च स्वस्त कपड्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी होतो. यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते, विजेचे बिल मात्र ते बंद पडेपर्यंत येत राहते. म्हणून विकत घेताना दोन्हींची बेरीज करावी, आणि सुटे भाग मिळतात का, दुरुस्ती करणारा जवळपास आहे का, हेही विचारावे. उत्पादकांचा हेतू नेहमीच टिकाऊपणाच्या बाजूने असतो असे समजू नये. १९२४ मध्ये जगातल्या मोठ्या दिवे-उत्पादकांनी संघ स्थापन करून विजेच्या दिव्याचे आयुष्य सुमारे १,००० तासांवर आणले आणि जास्त टिकणारे दिवे काढणाऱ्या सदस्यांना दंड केला. कमी आयुष्याचा दिवा तेवढ्याच विजेत जास्त उजेड देतो असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्यही होते. तरीही वस्तू किती टिकावी हे ग्राहकाला न विचारता ठरवले गेले, ही बाब मला गंभीर वाटते.

हप्त्यांविषयी एकच गोष्ट सांगते. वर्षभराच्या कर्जावर ‘सरसकट १० टक्के व्याज’ असे सांगितले जाते तेव्हा ते मूळ पूर्ण रकमेवर आकारलेले असते. प्रत्यक्षात मुद्दल दरमहा फिटत जाते, त्यामुळे घटत्या रकमेवर मोजल्यास तोच दर सुमारे १८ टक्के पडतो. हा हिशेब सही करण्याआधी मागावा आणि तो देण्यास कोणी टाळाटाळ करत असेल, तर तिथून उठावे.

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये मांडले की कुटुंबाचे उत्पन्न जितके कमी, तितका उत्पन्नाचा अन्नावर जाणारा वाटा मोठा. वर लिहिलेल्या गोष्टींची सर्वाधिक गरज म्हणूनच कमी उत्पन्नाच्या घरांना आहे, आणि दुर्दैवाने त्या अमलात आणणे त्यांनाच सर्वांत कठीण जाते. टिकाऊ वस्तूसाठी एकरकमी पैसे नसतात, साठवायला जागा नसते, म्हणून लहान पाकीट जास्त दराने घ्यावे लागते. अशा कुटुंबांना ‘जरा विचार करून खर्च करा’ असा उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते, कारण ती इतरांपेक्षा कितीतरी जास्त विचार करूनच खर्च करत असतात. शेजारच्या चार घरांनी मिळून मोठी खरेदी करणे आणि क्वचित लागणारी अवजारे आपसांत वापरणे, हे त्यांच्या आवाक्यातले मार्ग आहेत. त्यांची माहिती आपण आवर्जून द्यावी.

औषधांच्या बाबतीत मात्र सावधपणे लिहायला हवे. एकस्वाची (पेटंटची) मुदत संपल्यावर येणाऱ्या जेनेरिक औषधात मूळ औषधातलेच क्रियाशील द्रव्य त्याच प्रमाणात असते आणि ते सहसा बरेच स्वस्त असते. म्हणून डॉक्टरांना पर्याय विचारण्यात संकोच नसावा. अपस्मार (फिट येण्याचा आजार) किंवा थायरॉइडच्या काही औषधांत मात्रेतला थोडासा फरकही जाणवू शकतो, तिथे परस्पर बदल करू नये. पैसे वाचावेत म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडणे किंवा दातांची तपासणी पुढे ढकलणे यातून पुढचा खर्च वाढतो.

आणखी एक गोष्ट घरखर्चाविषयीच्या लेखांत जवळजवळ कधीच येत नाही. दर पाहणे, शिल्लक मोजणे, दुरुस्तीसाठी हेलपाटे घालणे, उरलेल्या पदार्थांचा बेत जुळवणे, हे सगळे कष्टाचे काम आहे आणि बहुतेक घरांत ते एकाच व्यक्तीवर, बहुधा बाईवर पडते. थोडीशी बचत व्हावी म्हणून तिचा अर्धा दिवस जात असेल, तर तो दिवसही हिशेबात धरला पाहिजे. महिन्याच्या खर्चाची वही घरातल्या सर्वांसमोर उघडावी, मुलांना बिले वाचू द्यावीत आणि कामांची वाटणी करावी. काय परवडते आणि काय नाही, हे मग एकट्या तिला सांगावे लागणार नाही.

आपणांस माझी विनंती अशी आहे. बाजारभावांच्या तक्त्यात वेष्टनांच्या किमतींऐवजी एकक दर छापावेत. नव्या यंत्रांची ओळख करून देताना त्यांचा वार्षिक वीजवापर, हमीची मुदत आणि सुटे भाग मिळण्याची सोय नमूद करावी. विक्रेत्यांनी पैसे देऊन छापून आणलेला मजकूर सल्ल्याच्या सदरापासून स्पष्टपणे वेगळा दाखवावा. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांचे अनुभव महिन्यातून एकदा तरी प्रसिद्ध करावेत, कारण कोणती वस्तू कुठे आणि का मोडते हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते. असे सदर सुरू झाल्यास प्रश्न पाठवणाऱ्या वाचकांत मी असेन.

कळावे.
आपली विश्वासू,
एक नियमित वाचक