चिंगीबद्दल, तुम्ही यायच्या आधी

कोथरूड, पुणे

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार. दिवाळीची तिकिटं काढलीस हे कळल्यापासून आई भाजणीच्या मागे लागली आहे. पण परवा फोनवर तुझी लेक म्हणाली, "आल्या आल्या चिंगीला उचलून घेणार!" तेवढं मात्र होऊ देऊ नकोस, म्हणून हे पत्र.

चिंगी ही आमची कुत्री इंडियन स्पिट्झ जातीची आहे. आपल्या लहानपणी सगळे ज्याला पॉमेरियन म्हणायचे ना, तेच. वजन जेमतेम सहा किलो. दात बघून डॉक्टरांनी वय पाच-सहा वर्षं सांगितलं. एका ब्रीडरकडून सोडवलेली. सिमेंटवर बसून बसून कोपरांवर घट्टे पडलेत, पोटाखालचे सड ओघळलेत. कुत्र्यांच्या पैदाशीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे दीड वर्षाच्या आत मादीची वीण घ्यायची नाही आणि आयुष्यात पाचाच्या वर तर नाहीच. पण पिंजऱ्याशी जाऊन मोजतंय कोण? लेकीला इन्स्टाग्रामवरचं पिल्लू हवंय म्हणालास. त्या पिल्लांच्या आया बऱ्याचदा अशा असतात, एवढं तिला सांग.

आम्हाला पिल्लू नकोच होतं. दोघंही दिवसभर कामाला, पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर कोण नेणार? मोठं कुत्रं जसं आहे तसं समोर दिसतं. चिंगीला दत्तक देणाऱ्या संस्थेची मुलगी आधी घर बघून गेली, बाल्कनीला जाळी आहे ना ते तपासलं, फॉर्म भरून घेतला. नसबंदी आणि रेबीजची लस तिथेच झाली होती.

घरी आली ती थेट शिवणयंत्राखाली. वाटीतलं अन्न तसंच राहायचं. दिवे मालवले की मग अंधारात चटचट आवाज. जिना हा प्रकार तिला माहीतच नव्हता. पहिल्या पायरीपाशी चारही पाय रोवून थरथरत उभी. कोणी वाकून हात पुढे केला की जांभई द्यायची. ती झोपेची नव्हे बरं का. घाबरलेली कुत्री जांभया देतात, ओठ चाटतात, तोंड फिरवतात.

आणि तिने माणूस निवडला कोण, तर आई! "घरात देव आहेत, कुत्रं नको" म्हणणारी. मी आणि बायको जमिनीवर लोळण घेऊन चिकनचे तुकडे सरकवतोय, लाडाने हाका मारतोय, आणि आई तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. आपली मेथी निवडत बसायची. तेच बाईसाहेबांना पटलं. आधी सोफ्याच्या कडेपर्यंत आली, मग काड्यांच्या ढिगापर्यंत, आणि एका दुपारी सरळ आईच्या पावलावर हनुवटी. "सांग हिला, मला कुत्री आवडत नाहीत," आई मला म्हणाली. पायाला मुंग्या आल्या तरी पाय काही हलवला नाही.

तेव्हा तुम्हीही आईचाच धडा गिरवा. चिंगीकडे बघू नका, हाक मारू नका, खाली बसून आपल्या गप्पा सुरू ठेवा. ती येऊन हुंगेल. हात लावायचाच तर छातीला, डोक्यावरून नको. दार उघडलं की लगेच लावायचं. भित्रं कुत्रं एकदा निसटलं की ओळखीच्या हाकेलाही थांबत नाही. म्हणून तर गळपट्ट्याऐवजी हार्नेस घेतलाय. चॉकलेट, चिवड्यातले मनुके आणि तळलेला कांदा तिच्या तोंडी लागू देऊ नका. मनुक्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि पोरं प्रेमाने नेमकं तेच भरवतात.

गणपतीत ढोल-ताशाने तिचे फार हाल झाले. त्यामुळे लक्ष्मीपूजनाच्या रात्री आतली खोली, खिडक्या बंद, टीव्ही मोठ्याने, असा बेत आहे. डॉक्टरांनी गोळीही लिहून दिली आहे. तुझ्या चिरंजीवांना फटाके उडवायचेच असतील तर मी ग्राउंडवर घेऊन जाईन, आमच्या गेटपाशी नको.

गाडी किती वाजता पोचते ते कळव. आणि नागपूरची संत्रा बर्फी दोन डबे आण, मागच्या वेळचा एक तू गाडीतच संपवला होतास.

तुझा,
बाळ्या