राख खोदण्याआधी पाणी काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात औष्णिक वीज केंद्र नाही, म्हणून राखेच्या तलावांशी, म्हणजे केंद्रातल्या कोळशाची राख पाण्याबरोबर सोडून साठवलेल्या तलावांशी, आपला संबंध नाही असे इथे सर्रास धरले जाते. हे बरोबर नाही. नाशिकजवळचे एकलहरे आणि बीड जिल्ह्यातले परळी ही दोन्ही केंद्रे पुण्यापासून सरळ रेषेत ३०० किलोमीटरच्या आत आहेत. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार, वीज केंद्राने स्वखर्चाने राख कामावर पोचवली तर या ३०० किलोमीटरमधल्या रस्ते, भराव अशा कामांना ती वापरणे बंधनकारक आहे. त्याच अधिसूचनेने तलावांत वर्षानुवर्षे साठलेली जुनी राख दहा वर्षांत संपवायला सांगितले आहे, आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये पर्यावरण भरपाई ठेवली आहे. म्हणजे तलाव उपसले जाणार, आणि त्यातली राख उद्या पुण्याच्या रिंगरोडच्या भरावात, विटांत किंवा एखाद्या जुन्या दगडखाणीत येऊ शकते. ती कशी उपसली जाते आणि कुठे जाते, हे पुणेकरांनीही विचारायला हवे.

आमचे मुख्य म्हणणे एकच आहे. राखेचा तलाव रिकामा करणे हे आधी पाण्याचे काम आहे आणि मग खोदाईचे. पण निविदा मात्र माती वाहतुकीच्या धर्तीवर निघतात. खोदणे, भरणे, वाहणे, दर टनाला इतके, वजन काट्यावर. असा दर ठरला की कंत्राटदार काठाची कोरडी राख आधी उचलतो, कारण पोकलेनला तीच सोपी आणि पैसेही तिचेच लवकर सुटतात. मधली ओली, गाळासारखी राख मागे राहते आणि तिच्या कडेचा आधार मात्र निघून गेलेला असतो. त्यात आपल्याकडचे बरेच बंधारे टप्प्याटप्प्याने आतल्या बाजूला, आधी बसलेल्या राखेवरच उंच केलेले असतात. आतली राख काढली की वरच्या टप्प्यांचा पायाच काढला जातो. म्हणून बंधाऱ्याची उंची आतल्या राखेबरोबरच उतरवत न्यावी लागते. पावसाळ्यात पाण्याच्या वर बंधाऱ्याची पुरेशी मोकळी उंची राहील असे पाहून हा क्रम नकाशावर आधी मांडायचा असतो; जागेवर सुचेल तसा तो ठरवता येत नाही.

राख मातीसारखी वागत नाही, हे हातात घेतल्यावर कळते. तलावातली ओलसर राख मूठभर घ्या, तळहातावर थापा आणि दुसऱ्या हाताने खालून हलके धक्के द्या. पृष्ठभाग लगेच पाण्याने चमकायला लागतो. आता मूठ दाबा. चमक नाहीशी होते आणि राख कोरडी, घट्ट वाटते. पुन्हा धक्के दिले की पुन्हा पाणी वर. चिकटपणा नसलेल्या, बारीक, सारख्या कणांच्या पदार्थाचा हा गुण आहे. पोकलेनची साखळी, हायवाची (मोठ्या डंपरची) चाके, कंप देणारा रोलर हे सगळे त्या तळहाताला बसणाऱ्या धक्क्यांसारखेच काम करतात. वर अर्धा-एक मीटर कोरडा थर, त्यावर पांढरट क्षार फुटलेले, माणूस सहज चालतो. आणि खाली लापशी. यंत्रे अशा थरावर नेली की तो थर अचानक बसतो. जमीन गादीसारखी दबायला लागली, चाकामागे पाणी वर आले किंवा कडेला समांतर भेग पडली, की काम तिथल्या तिथे थांबवून यंत्र आल्या वाटेने मागे घ्यायचे. ही खूण चालकांना आधी शिकवलेली असली पाहिजे.

पाहणी इथूनच सुरू होते. राख पाण्याबरोबर पाइपातून सोडतात तेव्हा जाड कण तोंडाजवळ बसतात आणि अतिबारीक कण पाणी बाहेर जाण्याच्या टोकाकडे. रस्ता सहसा जाड राखेच्या बाजूने असतो, म्हणून नमुनेही तिथलेच घेतले जातात आणि अहवालात तलाव प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतो. बोअर आणि शंकू-प्रवेश चाचण्या (टोकदार शंकू खाली ढकलून थर किती घट्ट आहे ते मोजणे) पूर्ण तलावभर जाळ्यात घ्याव्यात, बारीक राखेच्या बाजूला जास्त दाट. थरांमध्ये पाणी वेगवेगळ्या उंचीवर अडकलेले असते, त्यामुळे एका जागी दोन-तीन खोलींवर पिझोमीटर (आतल्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या नळ्या) लागतात. जुने नकाशे काढून तलावाखालून कुठला ओढा, मोरी किंवा बंद केलेला निचरा पाइप जातो का, हेही पाहावे लागते. अमेरिकेत २ फेब्रुवारी २०१४ रोजी डॅन नदीत राख गेली ती बंधारा फुटून नव्हे, तलावाखालचा पावसाळी पाण्याचा जुना पत्र्याचा पाइप मोडून. असा पाइप सापडला तर त्याच्यावरची खोदाई सुरू होण्याआधी तो भरून बंद करावा.

आता आकडे. समजा तलाव २० हेक्टरचा आहे आणि राख सरासरी ५ मीटर खोल आहे. म्हणजे १० लाख घनमीटर. जागेवरची कोरडी घनता घनमीटरला १ टन धरली तर १० लाख टन कोरडी राख. ओलावा कोरड्या राखेच्या वजनाच्या सरासरी ४५ टक्के असेल आणि वाहतुकीसाठी तो २२ टक्क्यांवर आणायचा असेल, तर किमान २.३ लाख घनमीटर पाणी काढावे लागते, म्हणजे २३ कोटी लिटर. त्याच २० हेक्टरवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर १.४ लाख घनमीटर पाणी परत येते. काढले त्याच्या निम्म्याहून जास्त, एकाच पावसाळ्यात. म्हणून बाहेरून येणारे पाणी आधी वळवायचे, तलावाचे छोटे कप्पे करायचे, आणि पावसाळ्यात जो कप्पा उघडा ठेवायचा नाही त्याला उतार देऊन झाकून टाकायचे. या हिशेबात जो कप्पा मेअखेर पूर्ण होणार नाही, तो मार्चमध्ये उघडूच नये.

पाणी काढण्याची रीतही राखेप्रमाणे बदलते. वरचे मोकळे पाणी हळूहळू उतरवायचे. एका झटक्यात उतरवले तर आतल्या भिजलेल्या उतारावर मागच्या पाण्याचा दाब तसाच राहतो आणि बंधारा आत घसरतो. मग कडेने चर आणि संप, म्हणजे पाणी गोळा करून उपसायचे खड्डे. जाड राखेत ते पुरते. अतिबारीक राखेत पाणी दिवसाला काही सेंटिमीटर या गतीने सरकते, तिथे नुसत्या चराचा उपयोग चराच्या आसपासच होतो. अशा ठिकाणी एक-दोन मीटर अंतरावर वेलपॉइंट (पंपाला जोडलेल्या बारीक जाळीच्या नळ्या) लावावे लागतात, आणि ते ओढून घेणारे असल्याने ५ ते ६ मीटरच्या खाली चालत नाहीत. खोल तलावात दोन टप्पे करावे लागतात. हे काम आठवड्यांचे नाही, महिन्यांचे आहे. वेळापत्रकात ते नसेल तर कंत्राटदाराला ओली राख उचलण्याशिवाय मार्ग उरत नाही.

खोदाईला परवानगी कधी? पिझोमीटरमधले पाणी कामाच्या पातळीच्या किमान दीड मीटर खाली गेले की. थर दीड-दोन मीटरचे, वरून खाली, पूर्ण रुंदीत. उतार एक उभ्याला तीन आडवे किंवा त्याहून सपाट. पायथ्याला कुरतडून राख खाली पाडायची नाही. ती पडते खरी, पण किती पडेल हे कोणाच्या हातात नसते. रुंद साखळीचे डोझर, लांब हाताचे पोकलेन, खाली लाकडी किंवा पोलादी फळ्या, आणि हायवासाठी जिओग्रिडवर (जमिनीला आधार देणाऱ्या मजबूत जाळीवर) मुरमाचा स्वतंत्र रस्ता. भरलेला हायवा उघड्या राखेवर जाता कामा नये.

बंधाऱ्याचे काय होऊ शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा फुटला. एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेशातल्या सिंगरौलीत राखेचा बंधारा फुटून माणसे वाहून गेली. अमेरिकेत टेनेसीतल्या किंग्स्टनला २२ डिसेंबर २००८ रोजी सुमारे ४१ लाख घनमीटर राख एका रात्रीत बाहेर आली, आणि नंतर ती साफ करणारे कामगार आजारी पडून वर्षानुवर्षे न्यायालयात गेले. कामगारांना कापडी रुमाल देऊन भागत नाही. राखेत श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जाणारी बारीक सिलिका असते. चेहऱ्याला घट्ट बसणारे, गाळणीचे श्वसनयंत्र, जागेवर अंघोळीची सोय आणि कामाचे कपडे घरी न नेणे, हे निविदेत किमतीसह लिहिलेले हवे.

उपसलेले पाणी ओढ्यात सोडून चालत नाही. राखेच्या कणांमध्ये वर्षानुवर्षे मुरलेले पाणी वरच्या मोकळ्या पाण्यापेक्षा जास्त भारलेले असते: आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन, मॉलिब्डेनम, सल्फेट. तलावातून सोडायच्या पाण्याला सामू (पीएच) ६.५ ते ८.५ आणि लिटरला १०० मिलिग्रॅम निलंबित कण ही मर्यादा आहे, पण विरघळलेले आर्सेनिक निवळलेल्या पाण्यातही राहते. त्यासाठी लोहक्षार टाकून साका (आर्सेनिक धरून तळाला बसणारा गाळ) बसवावा लागतो, आणि तो साका कुठे जाणार हेही लिहावे लागते.

वाहतुकीत सगळ्यात जास्त लोकांना त्रास होतो. वरच्या उदाहरणात २२ टक्के ओलाव्याने १२.२ लाख टन राख निघते. २५ टनाचा हायवा धरला तर सुमारे ४९,००० फेऱ्या. कामाचे १८० दिवस आणि दिवसाचे १० तास, तर दर सव्वादोन मिनिटांनी एक भरलेली गाडी, आणि तितक्याच रिकाम्या परतीच्या. गावातल्या रस्त्याला हे झेपत नाही, म्हणून मार्ग आधी ठरवून बळकट करायचा. गाडी भरताना राख कोरडी दिसते. रस्त्याच्या हादऱ्यांनी ती बसते, पाणी वर येते आणि मागच्या फाळक्यातून गळत जाते. रस्त्यावर ते वाळले की धूळ. म्हणून काट्यावर वजनाबरोबर ओलावाही मोजावा. फार ओली गाडी परत, फार कोरडीही परत. ताडपत्री, फाळक्याला रबरी पट्टी आणि बाहेर पडताना चाके धुण्याचा हौद याला पर्याय नाही.

राख जाणार कुठे, हा पुण्याच्या जवळचा प्रश्न. रेडीमिक्स प्लांटला आणि सिमेंट कारखान्याला ईएसपीतून (धुरातली राख पकडणाऱ्या यंत्रातून) कोरडी काढलेली, आयएस ३८१२ या भारतीय मानकात बसणारी बारीक राख लागते; तलावातली भिजलेली, जाड-बारीक मिसळलेली राख सहसा त्यात बसत नाही. विटांना ती काही प्रमाणात चालते. मोठा खप रस्त्याच्या भरावात आहे, आणि तो चांगला खप आहे, पण आयआरसी एसपी ५८ या राखेच्या भरावाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे: बाजूंना १ ते ३ मीटर मातीचे आवरण, कंपन रोलरने ९५ टक्के घनता, तळ पुराच्या पाण्याच्या वर, आणि खाली निचऱ्याचा थर, कारण राख केशाकर्षणाने पाणी बरेच वर ओढते. आवरण माती मिळेपर्यंत राहू द्या म्हटले की पहिल्या वळवात बाजूला घळी पडतात.

आमचा खरा विरोध दगडखाणींना आहे. मोशी, वाघोलीसारख्या भागांतल्या जुन्या खाणी म्हणजे भरायला मोकळे खड्डे, असे समजून त्यांच्याकडे पाहिले जाते. या खाणी बसाल्टमध्ये आहेत. आपल्या बसाल्टमध्ये पाणी दगडातून जात नाही, त्याच्या सांध्यांतून आणि दोन थरांमधल्या झिजलेल्या पट्ट्यांतून जाते, आणि आसपासच्या विहिरींना पाणी त्यातूनच येते. खाणीत पाणी साठलेले दिसते याचा अर्थ ती त्या सांध्यांना जोडलेली आहे. अशा खड्ड्यात तळाला अस्तर न घालता राख टाकली आणि वर दोन फूट माती पसरली, तर पावसाचे पाणी अडेल. बाजूने येणारे भूजल अडणार नाही. जिथे वापर होत नाही ती राख कोरड्या, उंच जागी, ६० सेंटिमीटर दाबलेली चिकणमाती, त्यावर १.५ मिलिमीटर एचडीपीई (जाड प्लास्टिकचे कापड), त्यावर निचऱ्याचा थर अशा अस्तरावरच ठेवावी, आणि तळ भूजलाच्या किमान दीड मीटर वर असावा. हाच निकष मूळ तलावालाही लावावा: जिथे राखेचा तळ भूजलात बुडलेला नाही आणि तलाव खरोखर स्थिर झालेला आहे, तिथे अधिसूचनेतल्या तरतुदीप्रमाणे तो झाकून झाडे लावणे खोदण्यापेक्षा शहाणपणाचे ठरू शकते.

तेव्हा मागणी अशी. निविदेत पाणी काढणे आणि पाणी शुद्ध करणे या स्वतंत्र बाबी असाव्यात, आणि त्यांचे पैसे पिझोमीटरच्या पातळीवर मिळावेत, टनावर नाही. राख संपल्यावर तळाची १५ ते ३० सेंटिमीटर माती काढून खालचे नमुने तपासावेत, कारण काळ्या मातीच्या भेगांत राख खोल उतरलेली असू शकते. राखेतून पाण्यात काय सुटते याची तपासणी कचरा डेपोच्या आम्ल परिस्थितीसाठी बनवलेल्या टीसीएलपी या चाचणीवरच भागवू नये. आर्सेनिक आणि सेलेनियम अल्कधर्मी पाण्यात जास्त सुटतात, म्हणून वेगवेगळ्या सामूला चाचणी हवी. आणि पुणे परिसरात जिथे कुठे राखेचा भराव मंजूर होईल, तिथे पहिली गाडी येण्याआधी वरच्या आणि खालच्या बाजूच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात एकदा व पावसाळ्यानंतर एकदा तपासून निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. बोरॉन आणि सल्फेट आधी वाढतात, त्यांच्यावर नजर ठेवावी. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. आधीचे आकडे नसतील तर नंतर बिघडलेले पाणी राखेने बिघडले हे विहीरमालकाला सिद्ध करता येत नाही.

आपले,
भूतांत्रिक आणि भूजल क्षेत्रांत काम करणारे काही अभियंते,
पुणे