खानापूरचे जंगल तोडू नका

महोदय,
धारवाडजवळच्या नरेंद्र गावच्या वीज उपकेंद्रातून गोव्याला जाणाऱ्या नियोजित ४०० केव्ही (किलोव्होल्ट) वीजवाहिनीच्या बातम्या वाचून जीव कासावीस होतो. गोव्याला वीज हवी, ते आमचे शेजारीच. पण त्यासाठी खानापूर तालुक्यातले जंगल तोडायचे, हे मुळीच पटत नाही. याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा नदी उगम पावते. पुढे तिच्याच पाण्याने नवीलतीर्थ धरण भरते, हुबळी-धारवाडच्या नळांना पाणी येते. पावसाचे पाणी धरून ठेवते ते हेच रान! शिवाय याच तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याच्या बारापेडे गुहांतले दुर्मीळ वटवाघूळ जगात मोजक्याच ठिकाणी उरले आहे. जुन्या वाहिनीचा मार्ग वापरता येईल का, हे आधी तपासावे आणि गावोगावी मराठी-कन्नडमध्ये नव्या वाहिनीच्या मार्गाचे नकाशे लावावेत.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)