आवडलेलं पुस्तक पाठवा, सोबत एक चिठ्ठी पाठवा

सप्रेम नमस्कार.

आर्वी तालुक्यात, वर्धा नदीच्या अलीकडच्या अंगाला आमचं गाव. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत वाचनालय आहे. गावातल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक आहे, उरलेल्यांना ती खोली अजून खताच्या पोत्यांचीच वाटते. पूर्वी तिथे पोतीच असायची, त्यामुळे त्यांचाही दोष नाही. यंदा ऑगस्टच्या झडीत या खोलीचा एक कोपरा रात्रभर गळला आणि दोन कपाटांतली पुस्तकं भिजली. उघाड पडल्यावर आम्ही ती अंगणात ताडपत्रीवर पसरली. (भिजलेली पुस्तकं उन्हात नाही, सावलीत वाऱ्याला वाळवायची असतात, हे उशिरा कळलं. काहींचे पापड झाले.) एकेक पुस्तक उलटंसुलटं करताना जे दिसलं, त्यातून हे आवाहन निघालं आहे.

आम्ही प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानाला तारखांची पट्टी चिकटवतो. कुणी पुस्तक नेलं की पट्टीवर शिक्का पडतो. त्या दोन कपाटांत 206 पुस्तकं होती आणि त्यातल्या दीडशेच्या वर पट्ट्या कोऱ्या होत्या. एकही शिक्का नाही. पाऊस आला नसता तर त्या पुस्तकांना माणसाचा हात लागलाच नसता.

आणि ती सगळी पुस्तकं मी निवडलेली. मी गणिताचा मास्तर, आता निवृत्त, आणि सचिवपद दुसरं कुणी घेत नाही म्हणून वाचनालयाचा कायमचा सचिव. गावाने काय वाचावं हे मी ठरवत आलो. चरित्रं, संतवाङ्मय, विचारांची पुस्तकं, व्यक्तिमत्त्व घडवणारी पुस्तकं. वाईट एकही नव्हतं. त्यात सत्कारात मिळालेल्या प्रतींची भर. पवनार आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे विनोबांच्या गीताईच्या आमच्याकडे 14 प्रती आहेत. मोझरी नदीपलीकडे, त्यामुळे तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेच्या 9. दोन्ही ग्रंथ डोक्यावर घ्यावेत असेच आहेत, पण पंधरावी प्रत आली तर ती डोक्यावरच ठेवावी लागेल, कपाटात जागा नाही.

त्या कोऱ्या पट्ट्यांच्या ढिगात एक पुस्तक वेगळं निघालं. मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं, कुठल्याशा डोंगराळ मुलखातलं प्रवासवर्णन. त्याची पट्टी दोन्ही बाजूंनी भरलेली होती आणि खाली दुसरी पट्टी जोडलेली. असं काय आहे यात, म्हणून पहिलं पान उघडलं तर आत पेन्सिलीने लिहिलं होतं, "सुरुवात कंटाळवाणी आहे. साठ पानं सोडून दे आणि नदी लागते तिथून वाच. मग मागे ये." खाली नाव नाही. कुणीतरी पुस्तक दान देताना ही एवढी ओळ लिहून ठेवली आणि तेवढ्यावर ते पुस्तक गावभर फिरलं. मी वर्षानुवर्षं जे करायला हवं होतं, ते त्या माणसाने पेन्सिलीने करून ठेवलं होतं.

आता माझी चूकही सांगून टाकतो, कारण गावातल्या जुन्या लोकांना ती माहीतच आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पुलगावच्या एका घरातून दोन मोठी खोकी आली होती. रहस्यकथा, भुताखेताच्या कथा, जुने दिवाळी अंक. मी ती चाळली, "असलं वाचनालयात नको" म्हणालो आणि रद्दीवाल्याला किलोने घातली. त्या पैशात रजिस्टरं घेतली. पुढे जिनिंगवर काम करणारे एक काकाजी आले आणि म्हणाले, "गुरुजी, मले थे झुंजारचं एखादं पायजे होतं. लहानपणी वाचलं होतं." मी नाही म्हटलं. ते परत आले नाहीत. झुंजार हा बाबूराव अर्नाळकरांचा नायक. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. आमच्या वाचनालयात आज त्यातली एक नाही. काकाजी गेल्या वर्षी वारले.

ग्रंथालयशास्त्रात ज्यांचं नाव पहिलं घेतात ते रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक होते, हे कळल्यावर मला उगाच जवळीक वाटली होती. 1931 साली त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यातली दोन आमच्या भिंतीवर निळ्या रंगात रंगवलेली आहेत: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. भिंतीवरून ती कपाटात उतरायची राहिली.

2023 च्या फेब्रुवारीत वर्ध्याला 96 वं साहित्य संमेलन भरलं. वाचनालयाने तीन हजार रुपये काढून ग्रंथप्रदर्शनाला चार जण पाठवायचं ठरवलं. मला ऐन वेळी ताप आला, म्हणून तिघंच गेले आणि त्यांनी आपापल्या आवडीचं आणलं. एकाने शेतीचं एकही आणलं नाही म्हणून मी रागावलो. तो म्हणाला, "गुरुजी, दिवसभर तेच करतो, रात्री पण तेच वाचू काय?" त्या खरेदीतलं एकही पुस्तक आज कपाटात नाही, सगळी बाहेर फिरत आहेत. तापाचे उपकार.

त्यानंतर मी नुसतं पाहायला लागलो की कोण काय मागतं. कापूस वेचायला जाणारी एक बाई, शिक्षण सातवी, फक्त भुताच्या गोष्टी नेते. रात्री सासूला वाचून दाखवते. सासू मध्येच थांबवून म्हणते, "भूत असं नाही राहत वो, लिहिणाऱ्यानं पाह्यलंच नाही." दोघींचं वाचन त्यामुळे लांबतं आणि पुस्तक मुदतीत परत येत नाही. दंड मी घेत नाही.

दुसरे एक शेतकरी. तुरीत रोही आणि रानडुकरं घुसतात म्हणून रात्री मचाणावर जागलीला असतात. त्यांनी एकदा विचारलं, रात्री जो पक्षी लाकडावर ठोके दिल्यासारखा ओरडतो, त्याच्याबद्दल कुठे लिहिलं आहे काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तालुक्याहून मारुती चितमपल्लींचं एक पुस्तक मागवलं. चितमपल्लींचं आयुष्य वनखात्यात गेलं आणि जंगलात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी पाखरांची नावं वेचली. आमचे शेतकरी ते पुस्तक बॅटरीच्या उजेडात वाचून आले आणि समासात पेन्सिलीने भर घालून आले: "आमच्याकडं याले रातवा म्हणतात." वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये असा नियम आहे. तो नियम मी त्या पुस्तकापुरता काढला आहे.

नववीतला एक मुलगा अंतराळातल्या गोष्टी मागतो. आमच्याकडे एकच विज्ञानकथासंग्रह होता, तो त्याने चार वेळा नेला. चौथ्या वेळी मीच शरमलो.

तर आमचं मागणं असं आहे. आपल्याला चांगलं वाटतं म्हणून नव्हे, आपण खरंच रमून वाचलं म्हणून जे पुस्तक लक्षात राहिलं, ते पाठवा. रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा यांना आमच्याकडे आता मानाची जागा आहे. शिकारीच्या, जंगलाच्या, समुद्राच्या गोष्टी पाठवा. इथल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. वऱ्हाडी बोलीतली पुस्तकं हवीत, कारण आपण बोलतो तसं छापलेलं पाहिलं की न वाचणाराही थांबतो. लहान मुलांसाठी मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तकं हवीत आणि मोतीबिंदूच्या आधीच्या-नंतरच्या म्हाताऱ्यांनाही तीच लागतात, फक्त चित्रं कमी. विनोदी लेखन कितीही चालेल. कवितेचं पुस्तक आमच्याकडे वर्षातून दोनदाच जातं, पण जो नेतो तो परत आणत नाही, म्हणून कवितेची मागणी कायमच आहे. गणेशोत्सवातली पोरं नाटकं मागतात. शक्य तर एकच स्त्रीपात्र असलेलं पाठवा, तेवढ्यावरच दरवर्षी भांडण होतं. हिंदी पुस्तकंही चालतील.

काय नको तेही सांगतो. जुनी भरतीची गाइडं नकोत. मागच्या वेळी आवाहन केलं तेव्हा चार पोती आली आणि तीन पोती गाइडंच होती. पोलीस भरतीच्या पोरांनी उघडून पाहिली तर चालू घडामोडी दहा वर्षांपूर्वीच चालून गेलेल्या. पानं गळालेली, वाळवी लागलेली पुस्तकं नकोत. एका पुस्तकातली वाळवी सगळं कपाट खाते, मग कडुनिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या ठेवून काही होत नाही. आपल्याच कवितासंग्रहाच्या पन्नास प्रती कुणी पाठवू नयेत. एक पाठवा, आम्ही वाचू.

आणि चिठ्ठी. हेच मुख्य आहे. प्रत्येक पुस्तकात पोस्टकार्डाएवढा कागद ठेवा. समीक्षा नको. हे पुस्तक आपल्याकडे कसं आलं, कुठल्या पानावर जेवणाची हाक ऐकू आली नाही, कुठला भाग गाळला तरी चालेल, कुणाला द्यावं आणि कुणाला देऊ नये, एवढं लिहा. "नवऱ्याशी भांडण झालं होतं तेव्हा वाचलं" असं लिहिलं तरी चालेल, आम्ही कुणाला सांगणार नाही. नाव घालायची गरज नाही. चिठ्ठी आम्ही पहिल्या पानाला चिकटवू. पुढे जो वाचेल तो खाली आपली ओळ लिहील. बारावीच्या दोन मुलींनी हे काम अंगावर घेतलं आहे. पुस्तकं आता विषयाच्या नावाने न लावता "हसायचं", "घाबरायचं", "लांब जायचं" असं लावूया, असं त्या म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही, पण "घाबरायचं"ची पाटी लिहून झाली आहे.

पैशांचं. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली आमचं वाचनालय 'ड' वर्गात आहे, म्हणजे शेवटच्या पायरीवर. अनुदान येतं, त्यातून ग्रंथपालाचं मानधन, वर्तमानपत्रं आणि वीजबिल भागतं आणि थोडी नवी पुस्तकं येतात. छताचं काम ग्रामपंचायत करत आहे, त्यासाठी काही मागत नाही. पण भिजलेली कपाटं लाकडी होती, ती फुगली. सध्या पुस्तकं संत्र्याच्या पेट्यांत उभी आहेत. दिसायला बरं दिसतं, उंदरांनाही बरं वाटतं. लोखंडी रॅक चार हवेत. आर्वीच्या वेल्डिंगवाल्याने चारांचे 18,500 रुपये सांगितले आहेत, त्यातले 6,200 गावातून जमले. देणगी वाचनालयाच्या बँक खात्यातच जमा करावी, कुणाच्याही हातात रोख देऊ नये, माझ्याही नाही. खाते क्रमांक वाचनालयाच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला आहे. बाहेरगावच्यांनी गावातल्या ओळखीच्या माणसाकडून फोटो मागवून घ्यावा. पावती मिळेल. देणगीवर 80जीची करसवलत नाही, ते आधीच सांगितलेलं बरं.

पुस्तकं पाठवणाऱ्यांसाठी: पुण्या-नागपुरातल्या आपल्या गावच्या पोरांकडे दिलीत तर ती दिवाळीला किंवा लग्नसराईला येताना आणतील. नाहीतर एसटी पार्सलने आर्वीला पाठवा. पोत्यात भरू नका, कोपरे दुमडतात. पुठ्ठ्याचं खोकं घ्या आणि एका खोक्यात पंधरा किलोच्या वर भरू नका, कारण बसस्थानकावरून उचलणारा मीच आहे.

घाई नाही. दसऱ्यानंतर वेचणी लागते आणि मग जानेवारीपर्यंत वाचनालयात मी आणि वर्तमानपत्र दोघंच असतो. कापूस विकला गेला की लोक येतात. एप्रिल-मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात तर खोली भरते. त्यातले बरेच कूलरसाठी येतात, हे आम्हाला ठाऊक आहे. येऊ द्या, हाताशी पुस्तक असलं की झालं. म्हणून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पुस्तकं पोचवा. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, खोकी गावासमोर उघडू आणि चिठ्ठ्या मोठ्याने वाचू. भाषण ठेवलेलं नाही.

शेवटी एक खासगी विनंती, पण नाव माहीत नसल्यामुळे जाहीर करावी लागते. नदी ओलांडून मोर्शीकडे गेलं की रिद्धपूर लागतं. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्या ज्यांच्याकडे होत्या त्यांना विचारून विचारून म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं ते तिथे, तेराव्या शतकात. मराठी गद्याचा तो आद्यग्रंथ मानतात आणि तो आपल्या शेजारचा आहे. आमच्याकडे त्याचा पूर्वार्ध आहे. उत्तरार्ध कुणीतरी नेला आणि रजिस्टरचं ते पान यंदा पावसात धुऊन गेलं. ज्यांच्याकडे असेल त्यांनी वाचून झाला असल्यास रात्री खिडकीत ठेवून जावं. गज रुंद आहेत, पुस्तक आत जातं, मी करून पाहिलं आहे. वाचून झाला नसेल तर झाल्यावर ठेवा, आणि जमलं तर आत चिठ्ठी.

आपला,
सचिव, सार्वजनिक वाचनालय
(समस्त वाचकांच्या वतीने)