चौकटीत एकच गोष्ट

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "डोकं नुसतं भणभणतंय, रात्री तीन वाजले तरी डोळा लागत नाही" एवढं म्हणालीस आणि विषय बदललास. झोपेचं पुन्हा विचारणार नाही असं तुझ्या आईला कबूल केलंय, म्हणून कॅमेऱ्याचं लिहितो. कपाटात पडलाय तो बाहेर काढ.

झूम लेन्स राहू दे. ५० मिलीमीटरची लाव आणि अर्धा तास एवढंच कर: चौकटीत एक विषय, बाकी सगळं रिकामं. कोरी भिंत आणि तिच्यावरचा नळ. मोकळं आभाळ आणि एक तार. बटण दाबण्याआधी चारही कडांवरून नजर फिरव. कोपऱ्यात अर्धवट फांदी डोकावत असली की डोळा तिकडेच धावतो. पाऊलभर डावीकडे सरक, गुडघे वाकवून खालून बघ. बहुतेक वेळा ती आपसूक बाहेर जाते. मला वाटतं, शांतपणा येतो तो या काढून टाकण्यातून. काय ठेवायचं हे ठरवत असताना डोक्यात दुसरं काही शिरत नाही.

पांढऱ्या भिंतीला किंवा धुक्याला कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. पांढऱ्यालाही तो मधल्या करड्या छटेवर आणतो आणि फोटो मळकट येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सेटिंग, +१ ते +१.३ ठेव, फक्त हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजव्या कडेला चिकटू देऊ नकोस. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, एफ ८ पुरे. एफ १६च्या बारीक भोकाला सेन्सरवरची धूळ रिकाम्या आभाळात ठिपक्यांसारखी उठून दिसते. भरगच्च फोटोत ती लपते, इथे लपायला जागाच नसते.

पाण्याचा फोटो काढायचा तर १० स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड दहा वेळा निम्मा करणारी काळी काच, लागेल. आधी फोकस कर, फोकस मॅन्युअलवर टाक आणि मगच फिल्टर चढव, कारण त्या काळ्या काचेतून ऑटोफोकस चाचपडत बसतो. १/६० सेकंदाचं एक्स्पोजर साधारण १७ सेकंदांचं होतं. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, टायमर २ सेकंदांचा. लाटा विरून पाणी दुधाळ होतं. त्या १७ सेकंदांत फोनला हात लावू नकोस. रात्री उशाशीच असतो ना तो? बघ, आलोच पुन्हा तिथे.

जपानी फोटोग्राफर हिरोशी सुगिमोतोचे समुद्राचे फोटो बघ, १९८०पासूनचे. निम्मं पाणी, निम्मं आकाश, क्षितिज बरोबर मधोमध. रूल ऑफ थर्ड्स, म्हणजे विषय चौकटीच्या एक तृतीयांशावर ठेवायचा नियम, बाजूला ठेवूनही फोटो कसा तोलून धरता येतो, ते कळेल. ब्रिटिश फोटोग्राफर मायकेल केनाची बर्फातली झाडंही बघ. तू चित्रकलेच्या वहीत कोपऱ्यात एवढासा पक्षी काढायचीस आणि बाई "उरलेलं पान भर" म्हणाल्या तरी भरायची नाहीस. त्या हट्टाचा मला अजून अभिमान वाटतो.

फोटो लगेच कुणाला पाठवू नकोस, कोण काय म्हणतंय ते बघत बसू नकोस, कामाचे मेल रात्री उघडू नकोस. फारच उपदेश झाला, रागावू नकोस. पण कॅमेरा हे काही झोपेचं औषध नाही गं. आणखी दोन आठवडे असंच चाललं तर डॉक्टरांना दाखव, अंगावर काढू नकोस. ताईनं काढलं होतं.

फिल्टर मी पाठवतो. लेन्सच्या तोंडाशी, तिरपी रेघ मारलेल्या गोलापुढे आकडा असतो, ४९, ५२ असा काहीतरी, तो कळव. माप चुकलं तर आटे बसत नाहीत. आणि काल किती वाजता झोपलीस, तेही लिही.

तुझा,
बाबा