फाट्यावर गावाचे नाव तरी लिहा

महोदय,

गेल्या मे महिन्यात आम्ही घरचे सहा जण, त्यांत माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई आणि दोन वर्षांची नात, वणीहून शेगावला दर्शनासाठी मोटारीने निघालो होतो. दारव्हा मागे पडल्यावर कारंज्याकडे जाण्यासाठी जवळचा म्हणून आतला रस्ता धरला आणि दुपारी एकच्या सुमारास तापमानाचा काटा लाल खुणेवर जाऊन बॉनेटमधून वाफ निघू लागली. रेडिएटरचा रबरी पाइप जोडाजवळ फाटून कुलंट रस्त्यावर सांडले होते. मुलगा झाकण उघडून पाणी ओतायला धावला, तेव्हा मी त्याचा हात धरला. तापलेल्या रेडिएटरमधील पाणी दाबाखाली असते आणि झाकण फिरवताच ते उकळत अंगावर येते. इंजिन निवेपर्यंत पाऊण तास थांबण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

पारा चव्वेचाळीस अंशांवर होता आणि गाडीत बसणे अशक्य झाले होते. शेजारच्या शेतात वखर चालवणारे एक शेतकरी धुऱ्यावरून आले आणि ‘मायले निंबाखाली बसवा भाऊ, गाडीचं मंग पाहू’ एवढेच म्हणून विहिरीचे पाणी आणायला गेले. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

खरी अडचण यापुढे सुरू झाली. मुलाने ओळखीतून तालुक्याच्या गावातील एका मेकॅनिकचा नंबर मिळवला. रेंज इतकी क्षीण होती की बोलणे कसेबसे होई, मोबाइलवरचा नकाशा मात्र उघडत नव्हता. मेकॅनिकने विचारले, ‘कोणत्या फाट्यावर आहात?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. जवळच एस.टी.चा प्रवासी निवारा होता, परंतु त्यावरील गावाचे नाव वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फलकांखाली झाकले गेले होते. किलोमीटरचा दगड होता, पण रस्त्याची उंची वाढवताना तो मुरुमात अर्धा पुरला गेला होता आणि उरलेल्या भागावरचा रंग उडाला होता. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात आहोत की वाशीम जिल्ह्यात, हेही आम्हांला सांगता येईना. शेतकरी दादा पाणी घेऊन परतले आणि त्यांनी फोनवर वाटेची खूण सांगितली, तोवर मेकॅनिक दुसऱ्याच रस्त्याने बराच पुढे गेला होता. तो पोहोचला तेव्हा तीन वाजले होते. पाइपचा फाटलेला तुकडा कापून उरलेला पाइप नव्या क्लिपने घट्ट बसवायला त्याला वीस मिनिटेही लागली नाहीत.

राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा मदत क्रमांक आहे, आतल्या रस्त्यांना त्याचा उपयोग नाही. ११२ किंवा १०८ वर फोन लागला तरी पहिला प्रश्न ‘कुठे आहात’ हाच असतो. आमचा तर पाइपच फाटला होता. त्या जागी आईला उष्माघात झाला असता तर रुग्णवाहिकाही अशीच रस्ते चुकत फिरली असती, या विचाराने आजही जीव कासावीस होतो. विद्युतीकरण झालेल्या रेल्वेमार्गाच्या कडेने उभ्या असलेल्या खांबांवर किलोमीटर व खांबाचा क्रमांक रंगवलेला असतो, त्यामुळे गाडी रानात थांबली तरी चालक नेमकी जागा कळवू शकतो. तीच सोय रस्त्यावरून जाणाऱ्याला का नसावी?

ज्यांच्या ताब्यात हे रस्ते आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, प्रत्येक फाट्यावर व निवाऱ्यावर गाव, तालुका, जिल्हा, रस्त्याचा क्रमांक, किलोमीटर आणि हद्दीतील पोलीस ठाण्याचा फोन ऑइलपेंटने ठळक लिहावा, पुरलेले दगड मोकळे करून पुन्हा रंगवावेत आणि निवाऱ्याच्या नावावर फलक लावण्यास सक्त मनाई करावी. निधीची वाट पाहायची नसेल तर ग्रामपंचायतीही आपल्या गावाचे नाव रंगवू शकतात. त्यासाठी एक रंगारी आणि एक दिवस पुरेसा आहे. पावसात रंग टिकणार नाही हे समजते, म्हणून पावसाळा सरताच, दिवाळीच्या सुट्टीत कुटुंबे पुन्हा प्रवासाला निघण्यापूर्वी, हे काम हाती घ्यावे.

— एक वाचक, वणी (जि. यवतमाळ)