संकेतस्थळावरील मजकुराचे साचे आणि आपली मराठी मंडळे

मा. संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या कोजागरीला बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या संकेतस्थळावर जी सूचना प्रसिद्ध झाली, तिच्यात वार आणि दिनांक बरोबर होते, परंतु स्थळ आदल्या वर्षीचे राहून गेले होते. सूचना लिहिणाऱ्या कार्यकर्त्याने नेहमीप्रमाणे जुनी सूचना उघडून तिची नक्कल केली, आकडे बदलले आणि सभागृहाचे नाव बदलायचे मात्र त्याच्या ध्यानात आले नाही. मकरपुऱ्याहून रिक्षाने आलेले एक वृद्ध दांपत्य बंद दारासमोर अर्धा तास उभे होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांची क्षमा मागायला गेले, तेव्हा ते गृहस्थ एवढेच म्हणाले, की आम्ही तुमच्या सूचनेवर विसंबून घराबाहेर पडतो. हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही आणि हे पत्र मी त्यामुळेच लिहीत आहे.

जुन्या सूचनेची नक्कल करून नवी सूचना तयार करण्याची पद्धत मंडळे, वाचनालये आणि शाळा यांच्यात सर्रास चालते. तिच्यावरचा उपाय बहुतेक वेळा संकेतस्थळाच्या एडिटरमध्येच असतो. एडिटर म्हणजे ब्राउझरमधली ती चौकट, जिच्यात आपण मजकूर टंकतो, अक्षरे ठळक करतो, तक्ता घालतो आणि मग 'प्रसिद्ध करा' हे बटण दाबतो. अशा अनेक एडिटरांत आपले स्वतःचे टेम्प्लेट, म्हणजे साचे, करून ठेवता येतात. (मराठी विकिपीडियाने टेम्प्लेटसाठी 'साचा' हा शब्द रूढ केला आहे. तो मला नेमका वाटतो, म्हणून पुढे तोच वापरते.) नक्कल आणि साचा यांच्यात वरवर पाहता फारसा फरक दिसत नाही, पण तो फार मोठा आहे. नकलेत जुनी माहिती भरलेलीच असते आणि ती बदलायची राहिली तरी वाचणाऱ्याला खरीच वाटते. साच्यात ती जागा रिकामी असते, आणि रिकामी जागा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांना खुपते. आमच्या साच्यांत वार, दिनांक, वेळ आणि स्थळ या चार जागा आम्ही पिवळ्या पार्श्वभूमीवर ठेवल्या आहेत. त्या भरून पिवळा रंग काढल्याखेरीज सूचना प्रसिद्ध करायची नाही, असा नियम केला आहे.

आमच्या संकेतस्थळावर सीकेएडिटर या नावाच्या एडिटरची चौथी आवृत्ती आहे, म्हणून काम कसे झाले ते तिच्याच आधारे सांगते. टूलबारवरचे साच्यांचे बटण दाबले, की एक यादी उघडते. तिच्यात प्रत्येक साच्याचे नाव, छोटे चित्र आणि एका ओळीचे वर्णन दिसते, आणि हव्या त्या नावावर टिचकी मारली, की सगळा आराखडा चौकटीत येतो. एडिटरबरोबर जे तीन नमुने येतात ते इंग्रजीत आहेत आणि मंडळाच्या कामाचे नाहीत. ते बाजूला सारून आपले साचे घालायचे असतील, तर जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेतली एक स्वतंत्र फाइल करावी लागते. प्रत्येक साच्याचे नाव, वर्णन आणि एचटीएमएल, म्हणजे वेबपानाच्या खुणांच्या भाषेतला, मजकूर त्या फाइलमध्ये असतो. मग एडिटरच्या सेटिंगमध्ये त्या फाइलचा पत्ता आणि साच्यांच्या संचाचे नाव द्यायचे. फाइलमधले संचाचे नाव आणि सेटिंगमधले नाव अक्षरशः एकच असावे लागते, नाहीतर साचे यादीत येतच नाहीत. ही फाइल एडिटरच्या मूळ फोल्डरबाहेर ठेवावी, म्हणजे एडिटरची नवी आवृत्ती घालताना ती पुसली जाणार नाही. हे सगळे काम आमच्या खजिनदारांच्या मुलीने दोन रविवारी बसून केले. ती संगणकशास्त्राची विद्यार्थिनी आहे.

तिने मला ज्या अडचणी दाखवल्या, त्या लिहून ठेवणे आवश्यक वाटते, कारण त्यांपैकी एखाद्या अडचणीपाशी थांबून साच्यांचा नाद सोडून देणारी मंडळे असतील. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की या आवृत्तीत साचा निवडताना 'चौकटीतला सध्याचा मजकूर बदलून टाका' या अर्थाचा पर्याय आधीपासूनच निवडलेला असतो. कोणी अर्धे इतिवृत्त लिहून झाल्यावर उपस्थितीचा तक्ता घालायला साचा निवडला, तर आधीचे सगळे लेखन जाऊन त्या जागी केवळ तक्ता उरतो. सेटिंगमध्ये एक ओळ घालून हा पर्याय मुळात बंद ठेवता येतो आणि तो पहिल्याच दिवशी बंद करावा. दुसरे असे, की या एडिटरमध्ये ४.१ आवृत्तीपासून मजकुराची चाळणी आहे. परवानगी न दिलेले टॅग, म्हणजे मजकुराची रचना ठरवणाऱ्या खुणा, आणि त्यांचे गुणधर्म ती काढून टाकते, त्यामुळे साच्यातली पिवळी पार्श्वभूमी किंवा चौकटीची किनार निमूटपणे नाहीशी होते आणि करणाऱ्याला वाटते, की आपलेच काही चुकले. चाळणी पूर्ण बंद करण्याचा सोपा मार्ग उपलब्ध आहे, परंतु आपल्या साच्यांना लागणाऱ्या तेवढ्याच गोष्टींना परवानगी देणे मला अधिक योग्य वाटते. फाइल युटीएफ-८ या अक्षरसंकेतनात जतन केली नाही, तर देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे दिसू शकतात. साच्यात केलेला बदल दिसत नसेल, तर ब्राउझरने जुनी फाइल धरून ठेवलेली असते. आणि एखादे अवतरणचिन्ह कोडमध्ये चुकीच्या जागी पडले, तर तो एकच साचा नव्हे, सगळीच यादी कोलमडते.

हे तांत्रिक काम थोड्या दिवसांत पुरे होते. साच्यात काय लिहायचे हे ठरवायला मात्र आम्हांला तीन महिने लागले, आणि माझे खरे म्हणणे त्याविषयीच आहे. बडोद्यातल्या मराठी कुटुंबांची आजची तरुण पिढी घरी मराठी बोलते, परंतु तिच्यातले अनेकजण गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातून शिकलेले आहेत. संगणक त्यांच्या हाती आहे, आणि मायना कसा असावा, शोकसूचनेत 'कै.' कोठे लावावे, निमंत्रण आणि आमंत्रण यांपैकी कोणता शब्द कोठे शोभेल, हे ठाऊक असणारी माणसे साठीच्या पुढची आहेत. ही दोन माणसे एका टेबलाशी बसल्याशिवाय चांगला साचा होत नाही. साधी सूचना चुकली तर ती एकदा चुकते. साचा चुकला, तर तीच चूक पुढच्या प्रत्येक सूचनेत येते आणि हळूहळू तीच बरोबर वाटू लागते.

आमच्या पहिल्या कच्च्या साच्यात 'श्रध्दांजली' असे लिहिले गेले होते. द आधी आणि ध नंतर, म्हणजे 'श्रद्धांजली', हे एका निवृत्त शिक्षिकेने दाखवून दिले. 'आशीर्वाद'चा 'आर्शिवाद' झाला होता. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र टंकता येत नव्हता म्हणून तेथे 'दुसर्या' असा रफार पडला होता, आणि कोणी म्हणेल, की एवढ्याने काय बिघडते. बिघडते ते असे: 'आचार्यांना मानधन देण्यात आले' आणि 'आचाऱ्यांना मानधन देण्यात आले' ही दोन वाक्ये जमाखर्चाच्या अहवालात वेगवेगळ्या माणसांविषयी आहेत. पहिले व्याख्याते आहेत आणि दुसरे स्वयंपाकी. साच्यात असे शब्द एकदा शुद्ध लिहून ठेवले, की ज्याला ते टंकता येत नाहीत त्याच्या हातूनही ते शुद्धच जातात. देवनागरीत सावकाश टंकणाऱ्या आमच्या तरुण कार्यकर्त्यांना साच्याचा सर्वांत मोठा आधार हा वाटतो.

तिथीचीही अशीच गोष्ट आहे. गुजरातेत आणि महाराष्ट्रात महिने अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारे, असल्यामुळे त्यांची नावे जुळतात, पण येथे विक्रम संवत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला बदलतो आणि आपला शक चैत्र शुद्ध प्रतिपदेला. बाजारातले पंचांग पाहून भरलेल्या जागेत संवताचा आकडा 'शके' म्हणून पडू नये, यासाठी आम्ही 'शके' हा शब्द साच्यातच कायम ठेवला आणि त्याच्यापुढे केवळ आकड्यापुरती जागा सोडली.

आणखी एक सूचना करते. साच्याच्या बाहेरच्या टॅगमध्ये मजकुराची भाषा मराठी असल्याची नोंद करावी. दृष्टी अधू झालेले सभासद मजकूर वाचून दाखवणारी साधने वापरतात आणि कोणत्या भाषेच्या आवाजात वाचायचे हे अशी साधने त्या नोंदीवरून ठरवू शकतात. काही टंकांत (फॉन्टमध्ये) मराठी वळणाचे ल आणि श देखील ही नोंद असली तरच उमटतात.

महोदय, महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत १९३१ साली याच बडोद्यात राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश प्रसिद्ध झाला आणि त्या आठांत मराठीही होती. कचेरीत लिहिणाऱ्याला योग्य शब्द हाताशी मिळावा, यासाठी त्या काळी एवढे कष्ट घेतले गेले. आमच्या नऊ साच्यांचे काम त्याच्यापुढे काहीच नाही, पण गरज तीच आहे, आणि ज्या गावाने हे केले त्या गावच्या मंडळांनी आपली शोकसूचना कोणत्याही वळणाची कशीही लिहावी, हे मला पटत नाही.

साचे करू इच्छिणाऱ्यांनी दोन बाबी आधीच लक्षात घ्याव्यात. साच्यातून तयार झालेली सूचना मूळ साच्यापासून सुटी होते, म्हणून कार्यालयाचा पत्ता बदलला तर साचा दुरुस्त करून जुन्या सूचना दुरुस्त होत नाहीत. वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीत जोडलेले नमुने करता येतात आणि त्यांत एका ठिकाणी केलेला बदल सगळीकडे उमटतो, तेव्हा पत्ता आणि दूरध्वनी यांच्यासाठी ती सोय वापरावी. दुसरी बाब परवान्याची आहे. सीकेएडिटरच्या चौथ्या आवृत्तीची मोफत देखभाल जून २०२३ मध्ये थांबली, पाचव्या आवृत्तीत साच्यांची सोय पैसे भरणाऱ्यांसाठी आहे, आणि टायनीएमसीई या दुसऱ्या एडिटरनेही २०२४ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीतून साच्यांचा मोफत भाग काढून टाकला. आम्हांलाही एडिटर बदलावा लागणार आहे. म्हणून साच्यांचा मजकूर आम्ही एडिटरवर अवलंबून न ठेवता एका साध्या मजकूर फाइलमध्ये वेगळा जपला आहे आणि त्याची छापील प्रत कार्यालयाच्या कपाटात ठेवली आहे.

आपणांस विनंती अशी आहे, की मराठी संस्थांना वारंवार लागणाऱ्या मजकुरांचे, म्हणजे सभेची सूचना, इतिवृत्त, देणगीची पोच, निमंत्रण आणि शोकसूचना यांचे शुद्ध नमुने आपल्या पत्राने आठवड्यातून एक याप्रमाणे छापावेत. भाषेचे जाणकार आपल्याकडे आहेत आणि त्यांनी तपासलेला मजकूर गावोगावची मंडळे निःशंकपणे आपल्या साच्यांत घालू शकतील. सुरुवातीला आमचे नऊ साचे आपल्या कार्यालयात तपासण्यासाठी आणून देण्यास मी तयार आहे. शोकसूचनेच्या साच्यात अजून एक वाक्य आम्हांला जमलेले नाही, त्याच्यापुढे पेन्सिलीने खूण केली आहे.

आपली विश्वासू,
मराठी मंडळाची एक कार्यकर्ती
दांडिया बाजार, बडोदे